मुलांचें पथ्य आणि वडीलधाऱ्यांचें पथ्य

(नभोवाणीवरील भाषण)

मी वैद्य नव्हें आणि डॉक्टरहि नव्हें. मॅट्रिकनंतर शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून बत्तीस वर्षें मुलांना शिकविलें आणि आतां निवृत्त होऊन घरीं बसलों आहें, एवढीच माझी ओळख. तेव्हां आज जें सांगणार आहें तें एका घरांत घडलेली हकीकत म्हणून आपण ऐकावें. शास्त्राचा जो भाग तींत येईल तो जाणत्यांना विचारून घेतलेला आहे.

माझा नातू आठ वर्षांचा असतांना एके दिवशीं जेवतां जेवतां डोळे जोरानें मिचकावूं लागला. वाटलें, डोळ्यांत कांहीं गेलें असेल. डोळे तपासून घेतले. ते निर्दोष निघाले. पंधरा दिवसांनीं डोळे थांबले आणि मान उजवीकडे झटकली जाऊं लागली. मग खांदा उडूं लागला आणि त्यामागून घसा खाकरण्याचा आवाज सुरू झाला. सर्दीचें औषध झालें, दृष्ट काढून झाली, आणि शेवटीं शिक्षकाच्या घरांत जें व्हावयाचें तें झालें. ही खोड आहे आणि ती मोडलीच पाहिजे, असें मीं ठरविलें. मान उडाली कीं मी "मान!" म्हणून ओरडत असें. मान थांबत नसे. उलट दुप्पट उडे.

याच सुमारास त्याचें पोटहि दुखत असे. सकाळीं पेलाभर दूध पिऊन शाळेंत गेला कीं दुसऱ्या तासाला पोटांत गुडगुड आणि कळा सुरू होत. कधीं जुलाबहि होत. दोन दुखणीं एकाच देहांत असलीं म्हणजे त्यांचें मूळहि एकच असलें पाहिजे, असें आपल्याला सहज वाटतें. आमच्या नात्यांतील एका गृहस्थांनीं हें ऐकलें आणि "सारा दोष अन्नाचा आहे" असें सांगून एक यादी दिली. दूध, गहूं, साखर, शेंगदाणे, अंडीं, टोमॅटो, वांगीं आणि बाजारांतील सारे रंगीत पदार्थ बंद. सूनबाईनें तें पथ्य मोठ्या निष्ठेनें आरंभिलें. पोळीच्या जागीं भाकरी आली, दुधाच्या जागीं भाताची पेज आली आणि वाढदिवसांचीं आमंत्रणें परत जाऊं लागलीं.

पहिल्या तीन आठवड्यांत मान जवळजवळ थांबली. आम्हीं देवापुढें नारळ फोडला. सहाव्या आठवड्यांत शाळेची चाचणी आली, आणि मान, खांदा, डोळे, घसा हीं सारीं एकदम परत आलीं. आमचा विश्वास मात्र ढळला नाहीं. पथ्यांत कोठें तरी चूक झाली असेल असें समजून आम्हीं यादींत आणखी चार पदार्थ घातले. तीन महिन्यांत मुलाचें वजन चोवीस किलोंवरून बावीसवर आलें.

एका रात्रीं तो माझ्या अंथरुणाशीं येऊन उभा राहिला. म्हणाला, "आजोबा, मीं शेजारीं बारशाला अर्धा पेढा खाल्ला. म्हणून मान उडते ना? आतां नाहीं खाणार." श्रोतेहो, मुलांच्या चुका काढण्यांत माझा सारा जन्म गेला, पण ज्यानें कांहींच केलें नाहीं अशा मुलाच्या तोंडून कबुली ऐकण्याचा हा प्रसंग मला फार जड गेला. दुसऱ्याच दिवशीं आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलों.

डॉक्टरांनीं आम्हांला बाजूस बसवून प्रथम मुलालाच विचारलें, "मान उडण्यापूर्वीं तुला काय वाटतें?" तो म्हणाला, "शिंक येते ना, तसें वाटतें. मानेंत शिंक येते. थोडा वेळ दाबतां येते, पण मग जास्त येते." तीन महिन्यांत हा प्रश्न त्याला आमच्यापैकीं कोणींहि विचारला नव्हता.

या हालचालींना डॉक्टरी भाषेंत टिक्स म्हणतात. हालचाली आणि आवाज दोन्ही असून ते एक वर्षाहून अधिक काळ टिकले, तर त्या विकाराला तूरेतचें नांव देतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांतील जॉर्ज जील द ला तूरेत या तरुण डॉक्टरानें १८८५ सालीं अशा नऊ रुग्णांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून ही ओळख पडली. मेंदूंतील जी यंत्रणा हालचालींना आवर घालते तिच्याशीं या विकाराचा संबंध आहे, आणि पुष्कळदां तो घराण्यांत चालत येतो. बहुधा पांच ते सात वर्षांच्या वयांत हे टिक्स सुरू होतात, दहा ते बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत जोर धरतात आणि बहुतेक मुलांत वयांत येतांना पुष्कळ ओसरतात. दरम्यान त्यांना भरती-ओहोटी असते. डॉक्टर म्हणाले, "भरती अगदीं वर आली कीं आईबाप नवा उपाय सुरू करतात. मग ओहोटी लागते, आणि तिचें श्रेय उपायाला मिळतें." आमच्या नारळाचा उलगडा मला तेथें झाला.

आणखीहि एका गोष्टीचा उलगडा झाला. चाळीसएक वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत मान झटकणारा एक मुलगा होता. मुख्याध्यापक वर्गांत आले कीं तो स्थिर बसे आणि ते गेले कीं झटके दुप्पट होत. "साहेबांसमोर थांबतां येतें, मग माझ्यासमोर कां नाहीं?" म्हणून मीं त्याला कितीदां तरी बांकावर उभें केलें आणि छडीहि दिली. टिक्स कांहीं क्षण दाबतां येतात, पण दाबलेले पुढें उसळून येतात, हें तेव्हां मला ठाऊक नव्हतें. जो मुलगा सारें बळ एकवटून स्वतःला आवरीत होता, त्याच्या त्या धडपडीलाच मीं लबाडीचा पुरावा मानलें.

आतां पोटाकडे वळूं. डॉक्टरांनीं दोन्ही तक्रारींची गांठ प्रथम सोडविली. दुधांत एक साखर असते. तिला लॅक्टोज म्हणतात. ती पचविणारा रस तान्हेपणीं भरपूर असतो आणि वय वाढतें तसा जगांतील बहुसंख्य माणसांत कमी होत जातो. न पचलेली साखर मोठ्या आंतड्यांत आंबते. तिच्यामुळें वायु, कळा आणि जुलाब होतात. दह्यांत ती साखर कांहीं अंशीं विरजणानेंच खाल्लेली असते, म्हणून पुष्कळांना दूध सोसत नाहीं पण दहीं-ताक सोसतें. आमच्या नातवाचें तसेंच निघालें. दुधाची जी कांहीं उणीव राहिली ती नाचणीनें भरून निघाली; शंभर ग्रॅम नाचणींत तीनशेंहून अधिक मिलिग्रॅम चुना असतो. म्हणजे वर्षभराच्या पोटदुखीला उपाय होता एक वाटी दहीं आणि नाचणीची भाकरी.

गव्हाची गोष्ट निराळी. गव्हांतील चिकट द्रव्य, ज्याला ग्लुटेन म्हणतात, कांहीं थोड्या मुलांच्या आंतड्यांना खरोखर इजा करतें. हॉलंडमधील विलेम डिके या बालरोगतज्ज्ञानें हा गव्हाचा संबंध ओळखून १९५० सालीं आपला प्रबंध लिहिला. या विकाराला सीलिॲक म्हणतात. तो ज्यांना आहे त्यांना गहूं जन्मभर वर्ज्य असतो. मग बांधणीच्या हिंगांत मिसळलेली कणीकसुद्धां पाहावी लागते. परंतु त्याची रक्ततपासणी गहूं खाण्यांत असतांनाच करावी लागते; आधींच बंद केला तर तपासणी फसवी निघूं शकते. आम्हीं नेमकें तेंच केलें होतें. कांहीं आठवडे पुन्हां पोळी खाऊं घालून मग रक्त तपासलें. दोष निघाला नाहीं.

तरी माझ्या मनांत शंका उरलीच. डॉक्टरांनीं ती हंसून उडविली नाहीं. म्हणाले, "आपण शिक्षक आहां ना? मग परीक्षा घ्या. पण नीट घ्या." मीं हजेरीपटासारखे रकाने आंखले: काय खाल्लें, पोट कसें होतें, झोप किती झाली, त्या दिवशीं विशेष काय घडलें, आणि टिक्स किती. संध्याकाळीं तो गोष्टींचें पुस्तक वाचीत बसे, तेव्हां पंधरा मिनिटें मी वर्तमानपत्राआडून मोजीत असें. मुलाला मोजणी कळूं द्यावयाची नाहीं, ही पहिली अट. एका वेळीं एकच पदार्थ तीन आठवडे बंद ठेवून पुन्हां सुरू करावयाचा, ही दुसरी. तिसरी अट अशी कीं, त्या दिवसांत काय दिलें तें सूनबाईनें मला सांगावयाचें नाहीं. थालिपिठाच्या भाजणींत कधीं गहूं असे, कधीं नसे; खिरींत कधीं गाईचें दूध असे, कधीं नारळाचें. ज्याच्या मनांत निकाल आधींच ठरलेला असतो, त्याच्या हातून मोजणी बिघडते. उत्तरपत्रिका तपासतांना नांवें झांकून ठेवावीं, तसाच हा प्रकार.

चार महिन्यांनीं वही उघडली. दुधाचा रकाना आणि पोटाचा रकाना तंतोतंत जुळले. टिक्सचा रकाना मात्र दुधाशीं जुळला नाहीं, गव्हाशीं नाहीं आणि शेंगदाण्यांशींहि नाहीं. तो जुळला अपुऱ्या झोपेशीं, चाचणीच्या तारखांशीं, गणपतीच्या आराशीसाठीं केलेल्या जागरणांशीं, आणि 'विशेष' या रकान्यांत जेथें 'मी ओरडलों' असें प्रामाणिकपणें लिहिलें होतें, त्या दिवसांशीं.

ही एका मुलाची वही झाली. तिच्यावरून सर्व जगाचा नियम काढतां येत नाहीं. पण आहार बदलल्यानें टिक्स बरे होतात असें दाखविणारा भक्कम पुरावा आजवर पुढें आलेला नाहीं. खाण्यांतील रंगांविषयीं लोक विचारतात. इंग्लंडांत साउदॅम्प्टन येथें सुमारें तीनशें मुलांवर केलेला एक प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट घातलेल्या पेयांनीं कांहीं मुलांची चंचलता थोडी वाढली, असें त्यांत दिसलें. पुढें २०१० पासून युरोपांत अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. पण तो प्रयोग चंचलतेविषयीं होता, टिक्सविषयीं नव्हे. रंगीत गोळ्या कमी केल्यानें तोटा कांहींच नाहीं. फक्त त्यांच्याकडून मान थांबण्याची आशा करूं नये.

मग मानेला उपाय कोणता? पुष्कळ मुलांना कोणत्याच उपचाराची गरज नसते. ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठीं एक शिकवणी आहे. ती 'शिंक' येऊं लागली हें मुलानें ओळखावयाचें आणि तेवढ्या वेळांत तिच्या विरुद्ध अशी एक शांत हालचाल करावयाची. मान उडणार असें वाटलें तर हनुवटी हळूच खालीं घेऊन, मान स्थिर धरून, सांवकाश श्वास घ्यावयाचा. ओढ ओसरेपर्यंत तसेंच राहावयाचें. अमेरिकेंत १२६ मुलांवर केलेल्या प्रयोगांत, ज्याचा निकाल २०१० सालीं प्रसिद्ध झाला, ही शिकवणी मिळालेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली. दुसऱ्या गटांत, ज्याला नुसती माहिती व धीर दिला होता, पांचांत एकालाहि ती दिसली नाहीं. ही शिकवणी जाणत्या मानसोपचारतज्ज्ञांकडूनच घ्यावी. फार त्रास असेल तर औषधेंहि आहेत. तीं डॉक्टरांनीं ठरवावीं.

ज्या घरांत आज अशी काळजी असेल, त्यांना हात जोडून चार गोष्टी सांगतों. पहिली: यादी हातीं घेण्यापूर्वीं मुलाला डॉक्टरांकडे न्या. घसादुखीनंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापांतहि मुलांचे हातपाय वेडेवांकडे उडतात. त्याची तपासणी व उपचार निराळे आहेत. दुसरी: एखाद्या पदार्थानें अंगावर गांधी उठत असतील, ओंठ सुजत असतील किंवा श्वास लागत असेल, तर ती ॲलर्जी असूं शकते, तेथें घरगुती प्रयोग मुळींच करूं नका. तिसरी: पदार्थ बंद करावयाचाच तर एकच करा, मुदत ठरवून करा, त्याच्या बदलीं काय देणार तें आधीं ठरवा, आणि दर महिन्यास वजन पाहा. चौथी: मुलाचें ताट घरांतील इतर ताटांपासून शक्य तितकें वेगळें पडूं देऊं नका. आमच्याकडे आतां सर्वच जण दहीं-भाकरी खातात, आणि माझ्याहि पोटाला ती मानवली आहे.

माझा नातू आज अकरा वर्षांचा आहे. पोट दुखत नाहीं. वजन भरून आलें आहे. मान अजून अधूनमधून उडते. परीक्षा आली कीं अधिक उडते. वर्गशिक्षकांना आम्हीं समजावून सांगितलें आहे. तो दोन मिनिटें बाहेर जाऊन येतो आणि वर्गांत कोणी वळून पाहत नाहीं. तो पेढाहि खातो.

त्याच्या जिभेवर आम्हीं घातलेलें पथ्य बरेंचसें व्यर्थ होतें. जें लागू पडलें तें माझ्या जिभेचें पथ्य होय. "मान!" हा शब्द मीं सोडला. तें सोपें गेलें नाहीं; बत्तीस वर्षांची ती माझी खोड होती. बांकावर उभा केलेला तो विद्यार्थी आज पन्नाशीचा झाला असेल. कदाचित् तो हें भाषण ऐकत असेल. त्याला मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, बाळ, चूक तुझी नव्हती.