सोपाऱ्याचा दगड आणि विरारची गाडी



आम्ही नालासोपाऱ्याची माणसं सकाळी चर्चगेटला जायचं म्हणून आधी उलटे विरारला जातो. बसायला जागा हवी ना! मीही बरीच वर्षं हेच करतोय. गाडी थांबायच्या आत उडी मारायची, रुमाल टाकायचा, ग्रुपसाठी बाकडं अडवायचं. जागेचा एवढा विचार. शेजाऱ्याचा मात्र कधी केला नाही.

ग्रुप वाईट नव्हता. ब्रीफकेसवर पत्ते पडायचे, वाढदिवसाला सामोसे यायचे. बोलणं मात्र एकच : साहेब, बढती आणि कुणाची कशी जिरवली. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास. एक दिवस माझी सात वर्षांची मुलगी शेजारच्या पोराला म्हणाली, "कशी जिरवली!" शब्द माझा, हेलही माझा. म्हणजे खरं तर डब्यातला.

तेव्हा मला आमच्या गावचा एक दगड आठवला. सोपाऱ्यातच १८८२ साली पुरातत्त्व-संशोधक पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तुकडा लहान; पण हाच लेख गिरनारलाही आहे, म्हणून मजकूर कळतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार करत, मौज करत. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या. त्यांत काय, तर श्रमण-ब्राह्मणांची भेट, म्हाताऱ्यांची भेट, खेड्यापाड्यांतल्या लोकांची भेट. राजानं फिरणं सोडलं नाही, वाटेत भेटायचं कुणाला तेवढं बदललं. शिकारीला निघालेल्या राजाभोवती असणार कोण? नेम चुकला तरी वाहवा करणारे!

मी राजा नाही. मी दोन डबे पुढे सरकलो, एवढंच.

तिथं वसईला एक काका चढतात. नोकरी मुंबईत, जीव वाडीत. बोरिवली गेली की मी उठून त्यांना जागा देतो. कुठल्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, राजेळी केळी सोलून उन्हात सुकेळी कशी घालायची, हे त्यांचे विषय. पहिला आठवडा, खरं सांगतो, जांभया आल्या. पत्त्यांची आठवण यायची. आता घरी गेलो की मुलगी विचारते, "आज काका काय म्हणाले?" गच्चीत तिनं चार केळी वाळत घातली होती. कावळ्यांनी नेली.

जुना ग्रुप फलाटावर भेटतो. ओरडतात, "काय रे, बदली झाली वाटतं?"

मी म्हणतो, "झाली. पण सामोसे असले की हाक मारा."