गावाची तिजोरी, गावाची वही



मी आयुष्यभर हिशोब तपासले. आधी सहकारी संस्थांचे, नंतर ग्रामसभांचे. हिशोब तपासणाऱ्याला सहसा कोणी अध्यक्ष करत नाही. तो आला की चहा लवकर येतो आणि वह्या उशिरा. तरीही आपण मला बोलावलंत, तेव्हा मला जे बोलता येतं तेच बोलेन, म्हणजे पैशाबद्दल. अतिगरीब गावं स्वावलंबी कशी होतील, या प्रश्नाकडे मी जमाखर्चाच्या बाजूने पाहतो.

आधी एक अन्याय नोंदवतो. स्वावलंबनाची अपेक्षा आपण फक्त गरिबांकडून करतो. मुंबई स्वावलंबी आहे का? तिचं बरंचसं पाणी तानसा आणि भातशातून येतं. ही दोन्ही धरणं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत. तानसा तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवतो आहे, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. धरण उशाला असूनही जे हंडा घेऊन उभे राहतात त्यांना आपण विचारतो, तुम्ही स्वतःच्या पायावर कधी उभे राहणार? ज्यांच्या डोंगरातून, जंगलातून आणि अंगमेहनतीतून बाहेरच्यांची घरं भरली, त्यांच्याकडे दान म्हणून काय परत जातं यापेक्षा त्यांच्याकडून काय निघून जातं, तो आकडा आधी लिहायला हवा.

जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर हे निघून जाणं वहीत न लिहिताही दिसतं. नागली आणि वरई घरात यायच्या आधीचे महिने भुकेचे असतात. कोठीत दाणा नसतो, अंगात ताप असतो, दवाखाना लांब. याच दिवसांत वीटभट्टीचा मुकादम बयाणा घेऊन येतो. तो हातावर काही हजार ठेवतो आणि पुढच्या सहा महिन्यांची मजुरी त्याच दिवशी, त्याच्या भावाने ठरून जाते. दिवाळी झाली की घरंच्या घरं पोराबाळांसह भट्टीवर जातात. तिकडे त्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते आणि परतताना मालक हिशोब सांगतो. सांगतो, दाखवत नाही. बहुतेकांच्या हाती थोडंच उरतं, काहींच्या अंगावर तर उलट बाकी निघते. शाळेचा पट निम्मा होतो, ग्रामसभेला कोरम भरत नाही, आणि मग अहवालात लिहिलं जातं, लोकसहभाग कमी.

अशा गावात आपण शेळी वाटतो. फोटो निघतो. मला शेळीचा राग नाही, पण श्रावणात घरात दाणा नसताना ती शेळी बाजारात जाणार हे कोणत्याही बाईने आधीच सांगितलं असतं. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने २००२ मध्ये अतिगरिबांसाठीचा कार्यक्रम सुरू केला तो नेमकं हे ओळखून. जनावर किंवा छोट्या धंद्याचं साधन द्यायचं, पण त्याबरोबर ते साधन विकावं लागू नये म्हणून काही महिने घरखर्चाला रक्कम, आजारपणात मदत, बचतीची सवय, आणि सुमारे दोन वर्षं दर आठवड्याला घरी येऊन विचारपूस करणारा माणूस. हीच रीत पुढे भारतासह सहा देशांत तपासली गेली आणि २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी त्या घरांचं खाणं, उत्पन्न आणि बचत वाढलेलीच होती. होंडुरासमध्ये मात्र फिसकटलं. तिथे अनेकांनी कोंबड्या निवडल्या होत्या आणि त्या रोगाने मेल्या. गरिबाच्या संसारात एक साथ दोन वर्षांचं नियोजन खाऊन टाकते, हे आपल्यापैकी कोणाला नवीन नाही.

तेव्हा सुरुवात भुकेच्या महिन्यांपासून करावी लागते. अंत्योदय कार्डावरचं महिन्याचं ३५ किलो धान्य आणि पावसाळ्याआधी हातात पडलेली रोजगार हमीची मजुरी, यांनी बयाण्याची गरज कमी होते. आपल्या राज्याला हे कोणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. वि. स. पागे यांनी कल्पिलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात इथेच उभी राहिली आणि देशाला तिचा कायदा करायला २००५ उजाडावं लागलं. पण मजुरी तीन महिने उशिरा आली तर तोवर मुकादम येऊन गेलेला असतो. उशिराची मजुरी ही कागदावर मजुरी असते, घरात ती कर्ज असते.

घर असं सावरतं. गाव सावरायला मात्र आणखी काही लागतं, आणि इथे मला गडचिरोलीकडे वळावं लागेल.

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव आपल्या सर्वांना नावाने माहीत आहे. त्यामुळेच त्याच्याबद्दल फार वरवर बोललं जातं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आपण भिंतीवर रंगवतो आणि तिच्यामागचं कंटाळवाणं काम विसरतो. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांविरुद्ध आंदोलन झालं, त्यातून हे गाव जागं झालं. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी पुढे जे केलं ते आंदोलनापेक्षा अवघड होतं. त्यांनी अभ्यासगट बसवले. कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, ते कोण नेतं आणि किमतीचं काय होतं, यावर वर्षानुवर्षं चर्चा केली. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचं पटलं नाही तर पुन्हा बसायचं. अशा सभेत बाहेरचा माणूस तासाभरात घड्याळ पाहू लागतो. पण ज्या निर्णयात हरलेली बाजू नसते तो निर्णय रात्री कुऱ्हाड घेऊन कोणी मोडत नाही.

२००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अशा पहिल्या काही हक्कांपैकी हा एक. पुढची गोष्ट हिशोब तपासणाऱ्याला फार बोलकी वाटते. हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याकडेच राहिलं. कायद्यात बांबू गौण वनोपज, जुन्या वनकायद्याच्या चष्म्यातून मात्र ते झाड. जंगल गावाचं, बांबू गावाचा, पण ट्रक नाक्यावर अडणार. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. पावत्यांच्या एका पुस्तकासाठी केंद्राचा मंत्री आणि राज्याचा मुख्यमंत्री लागले. त्या पुस्तकानंतर गावाने स्वतः कापणी केली, स्वतः निविदा काढली, मजुरी ठरवली आणि नफा ग्रामकोषात ठेवला. ज्या जंगलात गावकरी पूर्वी कागद कारखान्यासाठी मजूर म्हणून बांबू तोडत, तिथे ते विक्रेते झाले.

गरिबी हटली का? आजार, कर्ज, दारू, पडलेला बाजार हे सगळं तिथेही आहे. पण आता पैसा कुठून येतो आणि कुठे जातो ते गावाला दिसतं, आणि तो अडवता येतो.

हक्क हाती आला की गाव फक्त विकतंच असं नाही, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने दाखवलं. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपत्ता म्हणजे मे महिन्यातला रोख पैसा. दुसऱ्या कोणी तो सोडला नसता. पाचगावने सोडला. पानं चांगली फुटावीत म्हणून फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, फळ पाखरांना मिळत नाही आणि शेवटी होते ती विडी, असं गावाने ठरवलं आणि बांबूवर भर दिला. हा निर्णय कोणत्याही खात्याला घेता आला नसता, त्याला महसुलाचं उद्दिष्ट असतं. तसंच मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर गावाने उजाड टेकड्या राखल्या आणि तिथली सीताफळं शहराच्या बाजारात पोचवली.

आता थोडं कडू बोलतो. गडचिरोलीत हजाराहून अधिक ग्रामसभांना असे हक्क मिळाले आहेत, त्या सगळ्या मेंढा-लेखा नाहीत. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या नियमांनंतर ग्रामसभा तेंदूची विक्री स्वतः करू शकतात, आणि पुष्कळ करतात. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची गोणी, फळीवरची मोजणी, मजुरी वेगळी, रॉयल्टी वेगळी. एका हंगामात गावाच्या खात्यावर पूर्वी कोणी न पाहिलेली रक्कम येते. मग सुरू होतात आमचे प्रश्न. करारनाम्यावर सही कोणी केली? अनामत किती घेतली? कंत्राटदार दुसरा हप्ता न देता गेला तर दावा कोण लावणार? जीएसटी कोणी भरायचा? कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली, ती एकट्या गावाला कंत्राटदाराशी घासाघीस झेपत नाही म्हणूनच. काही गावांत मला वही मिळाली नाही, काही ठिकाणी एकच तरुण सचिव, कोषाध्यक्ष आणि चौकीदार होता. तो शहरात नोकरीला गेला तेव्हा गावाचं स्वावलंबन त्याच्या मोबाईलमध्ये गेलं.

शिवाय गाव एक नसतं. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली तेव्हा हा मुद्दा त्यांनी सर्वांच्या आधी पकडला. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला अडीच एकरांपर्यंत. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. आणि ऊस नाही. आज पाणलोटाची कामं सगळीकडे होतात. पाणी अडतं, विहिरी भरतात, आणि ज्यांची जमीन ओढ्याकाठी आहे त्यांचा कांदा-ऊस वाढतो. भूमिहीन बाई बांध घालायला श्रमदानाला असते, वाटणीला नसते. साळुंख्यांचा नियम आपण सोयीस्करपणे विसरलो, कारण तो पुढाऱ्यांच्या शेतावरून जातो.

बाहेरून पैसा ओतूनही गाव उभं राहतं का, याचा मोठा प्रयोग आफ्रिकेत झाला. अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये केनियातल्या साउरी गावापासून मिलेनियम गावांचा कार्यक्रम सुरू झाला आणि दहा देशांत पसरला. खत, मच्छरदाण्या, दवाखाने, शाळेत जेवण, सगळं एकदम. २०१५ मध्ये तो संपला. मूल्यमापनात शेती आणि आरोग्यात सुधारणा दिसली, पण ठरवलेल्या उद्दिष्टांपैकी सुमारे एक तृतीयांशच पुरी झाली होती. मी त्याला अपयश म्हणणार नाही, मच्छरदाणीने मूल वाचलं असेल तर वाचलं. पण असे कार्यक्रम मुदत संपल्यावर जातात, आणि गावाकडे स्वतःचं उत्पन्न व ते सांभाळणारी माणसं नसतील तर मागे फलक उरतो.

पण गावाचं स्वतःचं उत्पन्न हवं, याचा अर्थ शासनाने अंग काढून घ्यावं असा कोणी घेऊ नये. हल्ली एक सूर ऐकू येतो: गावाकडे बांबूचा पैसा आहे, तर शाळेची दुरुस्ती त्यातून करा. हे चालणार नाही. पुण्यातल्या सोसायटीला आपण डांबरी रस्त्याचे पैसे मेंटेनन्समधून मागत नाही. शाळा, दवाखाना, रस्ता, वीज हा नागरिक म्हणून असलेला हक्क आहे. ग्रामकोष गावाच्या मर्जीचा आहे.

दुपारच्या सत्रात ठराव मांडले जातील. त्यात शासनाकडच्या मागण्या असतील आणि असायलाच हव्यात: हक्काच्या सीमांचे नकाशे द्या, वाहतूक परवाने न अडवता द्या, रोजगार हमीची मजुरी वेळेत द्या, ग्रामसभेच्या सचिवाला मानधन द्या. पण एक ठराव स्वतःसाठीही करा. ज्या ग्रामसभेच्या खात्यावर पैसा आहे तिने वर्षातून दोनदा जमाखर्च गावासमोर मोठ्याने वाचावा, गोंडीत, माडियात, कोरकूत, वारलीत, जी घरची भाषा असेल तीत. वाचणारी शक्यतो बाई असावी, आणि भूमिहीन घरांना काय मिळालं हा रकाना वेगळा असावा. ज्यांना वही लिहिता येत नाही त्यांना ती शिकवायला आमच्यासारखे निवृत्त हिशोबनीस येतील, प्रवासखर्चाशिवाय काही मागणार नाहीत. पहिलं वाचन येत्या तेंदू हंगामाच्या आधी व्हावं, एवढी विनंती करतो.