माहेरचे पाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दिवाळीआधी आपले मंडळ पाड्यावर साड्या वाटावयास जाते. यंदाचा पाडा ठरविताना मी मध्येच बोलले, म्हणून आज मला उभे केले आहे. मी सातवी शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्या.

माझे माहेर पेठ तालुक्यातले. तिकडे आषाढात पाऊस असा कोसळतो की चार-चार दिवस चूल धड पेटत नाही. पण खाली काळा कातळ, पाणी मुरणार कोठे? सारे उतारावरून दमणगंगेकडे पळते. फाल्गुनात विहीर तळाला जाते आणि बायका झिऱ्यावर वाटी घेऊन बसतात. माझी शाळा सुटली ती या वाटीपायी. त्र्यंबककडच्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीवर बल्ल्या टाकून हंडे नेत, ती चित्रे आपण पाहिली असतील. तेथे जानेवारी 2022 मध्ये लोखंडी पूल बसला आणि त्याच पावसाळ्यात पुराने गेला.

पण आज मला सांगावयाचे आहे ते पाणी आल्यानंतरचे.

जलजीवन योजना 2019 साली निघाली. माणशी रोज 55 लिटर पाणी घरात, असे तिचे माप. आमच्या पाड्यावर टाकी झाली, तोट्या आल्या, वहिनीने तोटीला हळदकुंकू वाहिले. या योजनेत गावोगाव पाच बायकांना पाणी तपासावयास शिकवितात. त्यांत वहिनीही होती. तिच्याकडे एक लहान बाटली असते. तीत पाणी भरून उबेला ठेवावयाचे. काळे पडले तर ते पिण्याजोगे नाही. गेल्या आषाढात मी गेले तेव्हा तिने घरच्याच नळाचे पाणी भरून चुलीजवळ ठेविले. दुसऱ्या दिवशी बाटली काळी!

मी दहा वर्षांची असताना माझी धाकटी बहीण एका रात्रीत जुलाब-वांत्यांनी गेली. आम्ही बाहेरची बाधा समजून भगताकडे कोंबडे दिले. ती बाटली हातात घेतली तेव्हा मला कोंबडे आठवले.

वहिनी रडत बसली नाही. टाकीवर चढून पाहते तो झाकण नाही. नळीचा एक सांधा गटारात बुडालेला. वीज गेली की नळी रिकामी होते आणि सांध्यातून घाण आत ओढते. टीसीएल पावडरचे पोते तर दमट खोलीत उघडेच होते. त्या पावडरीचा वास उडाला की जोरही जातो, हे मला तिनेच सांगितले. नवी पावडर आणविली, बादलीत कालवून चुना खाली बसू दिला, वरचे निवळ टाकीत ओतले. तासाभराने नळाच्या पाण्यात औषधाचा थेंब टाकला, तो पिवळा रंग आला. मग शेजारणी म्हणू लागल्या, "पाण्याला वास मारतो," आणि हंडे घेऊन पुन्हा झिऱ्यावर! हिने घरोघर सांगितले, हंडा भरून थोडा वेळ तसाच राहू द्या, वास जातो. निम्म्या जणींनी ऐकले.

आपल्या नळाला बहुतेक गंगापूर धरणाचे पाणी येते. ते शुद्ध करावयास पगारी माणसे रात्रंदिवस असतात, आपल्याला त्यांची नावेही ठाऊक नसतात. तेच काम तेथे माझी वहिनी भातलावणी आणि चूल सांभाळून करते. गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे, वहिनी आहेही. पण बैठकीत ती सांध्याची गोष्ट काढते तेव्हा पुरुषमंडळी पाणीपट्टी कोणी थकविली यावरच भांडत बसतात. आता पट्टी थकली तर सांध्याला पैसा कोठला, हेही खरेच म्हणा.

म्हणून माझी विनंती अशी की यंदा साड्या नकोत. टाकीला कुलपाचे झाकण, पावडरीसाठी घट्ट झाकणाचे दोन डबे आणि तो एक सांधा, एवढे आपल्या वर्गणीत बसेल. साडी नेसून माझी बहीण वाचली नसती, असे तोंडून गेले त्या दिवशी. काहींना ते लागले. त्यांची मी क्षमा मागते, पण विनंती मागे घेत नाही.

येत्या रविवारी मी सकाळच्या पेठच्या एस.टी.ने निघणार आहे. कोणाला यावयाचे असेल तर शनिवारपर्यंत मला सांगावे. भाकरी मी बांधून घेईन.