गल्लीचे म्हणणे नगरपरिषदेपर्यंत

74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, पण 3 लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच. 2011 च्या जनगणनेत वाशीम शहर 80 हजारांच्या आत होते. कारंजा, रिसोड, मंगरूळपीर त्याहून लहान. म्हणजे शेजारच्या खेड्यातला माणूस ग्रामसभेत उभा राहून हिशेब विचारू शकतो, शहरातल्याला मात्र नगरसेवकाचे दार गाठावे लागते. नगरसेवक निवडून दिलाच आहे, मग प्रभागाची वेगळी सभा कशाला, असे कोणी म्हणेल. पण नाली कुठे तुंबते हे मतपत्रिका सांगत नाही, ते गल्लीलाच ठाऊक असते. लोक येणार नाहीत, ही शंका रास्त आहे. तरी पुण्यात नागरिक महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामे सुचवतात. शहराच्या विकास आराखड्यावर हरकत घेण्याचा हक्क वाशीमकरांनाही आहेच. हरकती मागवणारी सूचना मुदत संपण्याआधी प्रत्येक प्रभागाच्या चौकात वाचून दाखवायला हवी.