खाटेसाठी वशिला नको, व्यवस्था हवी
(गोव्यातील आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत झालेले भाषण)



घरात कोणी अत्यवस्थ झाले की आपल्यापैकी अनेकांचा पहिला फोन १०८ ला जात नाही. बांबोळीला ओळखीचे कोण आहे, याची आधी चौकशी होते. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिल्यामुळे आपल्याला ओळखी आहेत. पण पेडणे किंवा काणकोणच्या ज्या मजुराला कोणीच ओळखीचे नाही, त्याने काय करावे?

१९९२ साली पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागला होता. कोलकात्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला दाखल करून घेतले नाही. काही ठिकाणी खाट रिकामी नव्हती. अखेर त्याला खाजगी रुग्णालयात जावे लागले. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग आहे. त्याला २५,००० रुपये भरपाई मिळाली. पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, आणि कुठे खाट रिकामी आहे हे तत्काळ कळेल अशी मध्यवर्ती यंत्रणा उभारावी, असेही न्यायालयाने म्हटले.

मंडळी, कॅज्युअल्टीतल्या गर्दीचे मूळ पुष्कळदा कॅज्युअल्टीत नसते, वरच्या वॉर्डात असते. सकाळी डॉक्टर 'घरी जा' म्हणतात, कागद मात्र संध्याकाळी हाती येतात. तोवर खाट अडते आणि खालचा रुग्ण ट्रॉलीवर पडून राहतो. त्यात आपल्या फोनवर कोणी पुढे सरकला, तर दुसरा कोणीतरी मागे जातो. तो कदाचित जास्त गंभीर असेल. हे आपण स्वतःशी कबूल केले पाहिजे.

सुधारणा अशक्य नाही. हृदयविकाराच्या झटक्यासाठी गोव्यात स्टेमी प्रकल्प आला. रुग्णाचा ईसीजी जवळच्या आरोग्य केंद्रातच निघतो, तज्ज्ञ तो दुरून वाचतात, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच दिले जाते आणि मग रुग्ण बांबोळीला येतो. रुग्णाआधी माहिती पोचली की वेळ वाचतो. हीच शिस्त अपघात आणि पक्षाघातालाही लागू करता येईल.

म्हणून आमदारांकडे आपण तीन मागण्या कराव्यात. एक, बांबोळी, म्हापसा आणि मडगाव येथील रिकाम्या खाटांची संख्या फलकावर आणि १०८ च्या कक्षात सतत दिसावी. दोन, घरी सोडण्याचा निर्णय शक्यतो आदल्या दिवशी व्हावा आणि कागद दुपारपूर्वी मिळावेत; बऱ्या होत चाललेल्या रुग्णांना जिल्हा रुग्णालयात हलवावे. तीन, कॅज्युअल्टीत क्रम गंभीरपणानुसारच लागावा.

आणि चौथी गोष्ट आपण आपल्याकडूनच मागू या. पहिला फोन १०८ ला, वशिल्याला नाही.