सुरमई : ताटातली आणि समुद्रातली



सुरमई ही बांगड्याच्याच कुळातली मासळी. गोव्यात तिला इसवण म्हणतात. पाण्यात ती शिकारी आहे. तारली आणि मांदेलीच्या थव्यांमागे धावते. दात असे धारदार की गळाच्या दोरीला टोकाशी तार बांधावी लागते. पापलेटचा मान मोठा, हे मला मान्य आहे. पण मधला काटा सोडला तर सुरमईच्या तुकडीत बारीक काटे फारसे नसतात. म्हणून घाटावरच्या पाहुण्याला निर्धास्तपणे वाढावी ती रव्यात घोळवून तळलेली सुरमईच. उरलेले डोके कोकम घालून कालवणात जाते, आणि जाणकारांचा डोळा त्यावरच असतो.

ही मासळी सुमारे 70 सेंटिमीटर लांबीची झाल्यावर प्रथम अंडी घालते. लहान आसाच्या जाळ्यांत मात्र वीतभर पिल्लेही येतात आणि वाट्याने विकली जातात. जी एकदाही व्याली नाही, तिची पुढची पिढी कोठून यावी? 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने सुरमईसह 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. आपल्या बाजाराच्या ओट्यावर तेवढ्या लांबीची रेघ रंगवून घेणे कोणत्याही किनारी ग्रामपंचायतीला अवघड नाही.