तिथे आपण गिऱ्हाईक होतो

(महासंघाच्या वार्षिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



मला विषय दिलाय ‘नेपाळ यात्रेचा अनुभव’. पण दर्शनाचा अनुभव आपल्या अकरा जणींनी घरोघरी सांगून झालाय. पशुपतिनाथ, लुंबिनी, मनोकामना, सगळं तुमचं ऐकून पाठ झालं असेल. म्हणून मी आज फक्त खरेदीबद्दल बोलणार आहे. हसू नका! दिवाळीनंतर दुसरी तुकडी निघतेय, तिला याचा उपयोग होईल. आणि दुसरं म्हणजे, या खरेदीचा आपल्या गोधडीशी संबंध आहे. तो शेवटी सांगते.

आधी कामाच्या गोष्टी. आपण भुसावळला कुशीनगर एक्स्प्रेस धरली, गोरखपूरला उतरलो आणि सोनौलीहून पायी सीमा ओलांडली. आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. नुसत्या आधार कार्डाच्या भरवशावर राहू नका. पलीकडे गेल्यावर मावशी म्हणाल्या, “अगं, पाट्या तर वाचता येतात की!” खरंच, नेपाळी आपल्याच बाळबोध लिपीत लिहितात. ‘पसल’ म्हणजे दुकान, ‘हस्तकला’ म्हणजे हस्तकलाच, आणि आकडेही आपलेच. हिंदीही बाजारात सगळ्यांना कळते. त्यामुळे परदेशात आलोय असं वाटतच नाही. आणि तिथेच आपण फसतो.

कारण पैसा वेगळा आहे. आपल्या १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात. हा दर वर्षानुवर्षं ठरलेला आहे. दुकानदार ‘आठशे’ म्हणाला, तर ते आठशे कुठले? तिथे विचारायची पद्धत आहे, “आयसी की एनसी?” आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. आपल्या एका काकूंनी हे न विचारता आठशेची पिशवी घेतली आणि आपले आठशे दिले. किंमत नेपाळी आठशे होती, म्हणजे आपले पाचशे. तीनशे रुपये एका मिनिटात गेले. शंभरच्या नोटा तिथे चालतात. त्याहून मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी बँकेत विचारून घ्या. आणि नेपाळात शनिवारी सुट्टी असते. काठमांडूत शनिवारी बरीच दुकानं बंद सापडतील.

आता पश्मिन्याची गोष्ट. ज्यांची आहे त्या मावशी समोरच बसल्यात, त्यांनीच सांग म्हटलंय. ठमेल नावाचा भाग आहे, तिथे सगळे प्रवासी खरेदी करतात. एका दुकानात ‘असली पश्मिना, असली पश्मिना’ म्हणत आपल्या पाचशे रुपयांना एक शाल. मावशींनी सहा घेतल्या. दोन सुनांना, तीन नणंदांना, एक विहीणबाईंना. तीन हजार रुपये. घरी आल्यावर पहिल्याच धुण्यात शालीला गोळे आले. सुनेने एक दोरा काढून जाळला तर तो वितळला आणि त्याची कडक गुठळी झाली. प्लॅस्टिकचाच प्रकार!

मावशींना दोष नाही, कारण पश्मिना म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तरी कुठे चौकशी केली होती? तर ऐका. उंच हिमालयात च्यांग्रा नावाची बकरी असते. थंडीसाठी तिच्या मोठ्या केसांखाली अगदी मऊ लोकर येते. वसंतात ती विंचरून काढतात. एका बकरीची वर्षाला जेमतेम शे-दीडशे ग्रॅम लोकर मिळते. एका शालीला दोन-तीन बकऱ्यांची लोकर लागते, शिवाय कताई, विणाई, रंगाई. ती पाचशेला कशी मिळेल? आपण बकऱ्या पाळणाऱ्या बायका, हा हिशोब आपल्याला लगेच कळायला हवा होता.

ओळखायची रीत अशी. दुकानदाराची परवानगी घेऊन झालरीतला एक धागा जाळायचा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली, तर ती लोकर. कागदासारखा जळला तर बहुतेक विस्कोस. वितळून गुठळी झाली तर अॅक्रिलिक किंवा पॉलिस्टर. अंगठीतून शाल काढून दाखवतात त्यावर जाऊ नका, पातळ कापड कुठलंही निघतं. नेपाळच्या पश्मिना उद्योगाने ‘च्यांग्रा पश्मिना’ असं नोंदणीकृत चिन्ह केलेलं आहे, ते विचारा. आणि शाहतूश म्हणून कुणी शाल दाखवली तर हात लावू नका. त्या लोकरीसाठी चिरू हे जनावर मारावं लागतं. त्यावर बंदी आहे, जवळ सापडली तर गुन्हा होतो.

रुद्राक्षाचंही तसंच. पूर्व नेपाळात भोजपूर, संखुवासभा या भागात रुद्राक्षाची झाडं आहेत, माल खरा मिळतो. पण कोरून मुखं वाढवलेले आणि दोन तुकडे चिकटवलेलेही मिळतात. पाण्यात बुडतो तो खरा, ही परीक्षा खात्रीची नाही. पाचमुखी स्वस्त असतो, तो जपाला घ्यावा. एकमुखीच्या नादाला लागून हजारो घालवू नयेत.

आता जी गोष्ट सांगायला मला लाज वाटते ती सांगते.

असन नावाचा काठमांडूचा जुना बाजार आहे. धान्य, मसाले, तांब्या-पितळेची भांडी, आपल्या आठवडे बाजारासारखीच गर्दी. तिथे फूटपाथवर एक बाई हाताने विणलेले लोकरीचे मोजे विकत होती. किंमत एनसी पाचशे. मी म्हटलं, दोनशे. ती हसली. मी चालायला लागले. तिने हाक मारली, “बहिनी, बहिनी!” शेवटी अडीचशेला दिले, म्हणजे आपले साधारण एकशेछप्पन्न रुपये. मी खूश. मग सहज विचारलं, एक जोडी विणायला किती वेळ लागतो? म्हणाली, घरचं काम उरकून रात्री बसते, दोन रात्री जातात. लोकर तिने विकत घेतलेली. मी मोजे पिशवीत टाकले आणि पुढे गेले. पण मला मुंबईचं सरस प्रदर्शन आठवलं.

तिथे काय झालं होतं ते आपल्यातल्या चौघींना माहीत आहे. शेवटचा दिवस होता. एका बाईंनी आपली गोधडी उलगडली, टाके बघितले, वास घेतला, फोटो काढला, आणि म्हणाल्या, “जुन्या साड्यांचीच तर आहे, नऊशेला द्या.” किंमत पंधराशे होती. परत न्यायला भाडं पडेल म्हणून आक्कांनी नऊशेला दिली. रात्री हॉलवर त्या जेवल्या नाहीत. त्या गोधडीचा हिशोब आपण नंतर मांडला होता. अस्तर, नवं कापड आणि दोरा ५५० रुपये. काम रोज चार तास, पंधरा दिवस, म्हणजे ६० तास. पंधराशेला विकली असती तर तासाला सोळा रुपयेही पूर्ण पडत नव्हते. नऊशेला विकल्यावर तासाला सहा रुपयेसुद्धा नाहीत. निंदणीला गेलं तरी याहून जास्त सुटतात.

मुंबईच्या त्या बाईंना आपण आठवडाभर नावं ठेवली. आणि असनमध्ये मी तेच केलं. दोन रात्रींचं काम.

दुसऱ्या दिवशी आम्ही बागमतीच्या पुलापलीकडे ललितपूरला, कुपंडोलला गेलो. तिथे कारागिरांच्या संस्थांची दुकानं जवळजवळ आहेत. एक महागुठी. तिचं मूळ तुलसी मेहर यांच्या कामात आहे. ते साबरमतीला गांधीजींजवळ राहिले आणि चरखा घेऊन नेपाळला परतले. निराधार बायकांना सूतकताई-विणकाम शिकवून पायावर उभं करायचं हे त्यांचं काम. दुसरं दुकान ढुकुटी. मीरा भट्टराई यांनी १९८४ साली असोसिएशन फॉर क्राफ्ट प्रोड्युसर्स ही संस्था काढली, हे तिचं दुकान. काम करणाऱ्यांत बहुतेक बायकाच. ढुकुटी म्हणजे तिजोरी. आणि गंमत म्हणजे नेपाळात भिशीलाही ढुकुटीच म्हणतात. आपण भिशीवाल्या बायका, आम्हाला ते दुकान माहेरासारखं वाटलं.

तिथे प्रत्येक वस्तूला चिठ्ठी होती. भाव ठरलेला. घासाघीस नाही, आणि कुणी करतही नव्हतं. त्या चिठ्ठीने माणसाचं तोंड आपोआप बंद होतं, हे मी डोळ्यांनी बघितलं. जनकपूरच्या मैथिली बायकांची चित्रंही बाजारात बघितली. त्या बायका लग्नाला, दिवाळीला घराच्या भिंती रंगवतात, जसा आपल्याकडे वारली सुवासिनी लग्नाचा चौक लिहितात. १९८९ साली जनकपूरला महिला विकास केंद्र सुरू झालं आणि भिंतीवरची चित्रं कागदावर, कापडावर, कपांवर आली. शेणामातीच्या भिंतीवरची कला, पण ती विकायची कशी याचा त्यांनी एकत्र बसून विचार केला.

तिथून आणावं असं काय? लोकता कागद. डोंगरातल्या झुडपाच्या सालीचा हा कागद, किडा लागत नाही, म्हणून नेपाळात सरकारी दस्तऐवज त्यावर लिहीत. झुडूप मुळाच्या वर कापलं तर पुन्हा फुटतं. वह्या, पाकिटं, वजनाला हलकी आणि स्वस्त. ढाका कापड. हातमागावर विणतानाच बोटांनी नक्षी भरतात. पालपा आणि तेह्रथुमचं प्रसिद्ध आहे. उलट बाजू बघा, छापील कापड मागून फिकं असतं, विणलेल्यात नक्षीचे दोरे दिसतात. अल्लो म्हणजे डोंगरातल्या खाजकुयलीसारख्या आग लावणाऱ्या झाडाच्या सालीचं सूत, त्याच्या पिशव्या दणकट. मूर्ती घेतली तर पावती घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू नेपाळबाहेर नेता येत नाही, आणि नवीही जुनी दिसते. पुरातत्त्व विभागाची चिठ्ठी लागते का, ते दुकानातच विचारा.

परतीच्या गाडीत आमचं भांडण झालं. मी म्हटलं, करणारी समोर बसलेली असेल तर भाव पाडू नये. एक आक्का म्हणाल्या, “तुला पगार आहे. आम्ही दहा रुपये वाचवतो ते हौसेने नाही, नाइलाजाने.” त्यांचं खरं होतं. मला उत्तर सुचलं नाही. मग त्याच म्हणाल्या, “पण सहा खोट्या शालींच्या पैशात खऱ्या मोज्यांच्या नऊ-दहा जोड्या आल्या असत्या, तिच्या भावाने.” हिशोब केला, बरोबर निघाला. पाचशे एनसी म्हणजे आपले तीनशे साडेबारा. आक्कांना शाळा नाही झाली, पण हिशोबात मी त्यांच्यापुढे नापास आहे.

म्हणून दुसऱ्या तुकडीला माझं एवढंच सांगणं. घरून निघतानाच खरेदीचा आकडा ठरवा. यात्रेसाठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं असेल तर त्यातून खरेदी नको, ती बचतीतून. दहा नातेवाइकांना दहा खोट्या वस्तू आणण्यापेक्षा दोघींना खरी आणा आणि बाकीच्यांना प्रसाद द्या, कुणी रागवत नाही. व्यापाऱ्याशी खुशाल घासाघीस करा, तिथे ती रीतच आहे. पण हाताने करून विकणारी बाई दिसली तर आधी विचारा, “ताई, किती दिवस लागले?” आणि मग भाव बोला.

आणि आपल्यासाठी एक मागणी. पुढच्या प्रदर्शनापासून प्रत्येक गोधडीला चिठ्ठी लावायची. शिवणारीचं नाव, गाव, किती तास लागले, आणि ठरलेला भाव. शेवटच्या दिवशीही तोच. न विकलेला माल परत आणायचं भाडं महासंघाने सोसावं, म्हणजे कुणाला नऊशेला द्यावी लागणार नाही. कोषाध्यक्षताई माझ्याकडे बघतायत, मला माहीत आहे खर्च येईल. म्हणून हे मी ठरवत नाही. प्रत्येक ग्रामसंघाने पुढच्या मासिक बैठकीत यावर बोलावं, हो की नाही ते ठरावात लिहावं आणि माझ्याकडे द्यावं.

ते मोजे मी आणलेत, हे बघा. थंडीत घालते. उबदार आहेत. दुसऱ्या तुकडीतल्या कुणी असनला गेलात आणि ती बाई दिसली, तर माझ्यातर्फे तिच्याकडून एक जोडी घ्या, पाचशेलाच. पैसे मी आधीच देऊन ठेवते.